निवडक बिघाड

ॲप उघडत नसेल तर आधी मोबाइल बंद करून पुन्हा चालू करावा.

*

लग्नाच्या हॉलमध्ये सरांनी माईक हातात घेतला. "सूनबाईला आमच्याकडून हा नवा मोबाइल. शिकलेली मुलगी आहे, जगाशी जोडलेली राहू दे." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

*

रक्ताच्या नळीवर नाव घालायचं राहिलं तर ती नळी टाकून द्यायची. अंदाजानं नाव लिहायचं नाही.

*

"आपली निवड झाली आहे. सात दिवसांच्या आत होकार कळवावा. अन्यथा प्रतीक्षायादीतील पुढील उमेदवारास संधी देण्यात येईल."

*

लहान मुलांनी मोबाइलवर भलतंसलतं पाहू नये म्हणून एक ॲप मिळतं. ते बसवायला चार मिनिटं लागतात.

*

या गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे गावात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक सर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. दुसरा मोबाइल दुरुस्त करणारा, ज्याला सगळे डॉक्टर म्हणत.

जिला ठाऊक असायला हवं होतं ती मंगळवारी सकाळी दुकानाच्या काउंटरपाशी उभी होती. सरांची सून. लग्नाआधी चार वर्षं रक्त तपासणीच्या लॅबमध्ये होती.

"दादा, मेल उघडत नाहीये. पांढरं होतं आणि मिटतं."

डॉक्टरनं मोबाइल हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. काय झालंय हे त्याला न बघताच माहीत होतं, कारण ते त्यानंच केलं होतं. लग्नाच्या आठ दिवस आधी सर खोक्यासकट मोबाइल घेऊन आले होते. "जरा सेटिंग करून दे," म्हणाले होते. या गावात सेटिंग म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. सुनेचा मोबाइल तिच्या हातात पडण्याआधी डॉक्टरच्या हातातून जातो. मुलांसाठीचं ते ॲप आत बसतं आणि त्याची किल्ली सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या मोबाइलवर. कुलूप आहे असं कुठेही दिसत नाही. ॲप उघडतं, क्षणभर पांढरं होतं, मिटतं. सुनेला वाटतं मोबाइल बिघडला. मग ती कुठे जाते? डॉक्टरकडे.

सुनेवर हात उगारला तर निदान शेजारी डोकावतात. सुनेला मोबाइल दिला तर शेजारी कौतुक करतात. म्हणून ही रीत इतके दिवस सुखानं नांदली.

"कॅशे भरली असेल," डॉक्टर म्हणाला. त्यानं कॅशे साफ केली. मोबाइल बंद करून चालू केला. तारीख-वेळ तपासली. जागा किती शिल्लक आहे ते बघितलं, भुवया उंचावल्या. हे सगळं तो मन लावून करायचा. खोटं काम खऱ्या कामापेक्षा जास्त नीट करावं लागतं.

"झालं का?"

"अपडेट मागतंय ताई. परवापर्यंत होईल."

"परवा नको हो. मैत्रिणीचा फोन आला होता, हॉस्पिटलची यादी लागलीय. मेलवर होकार द्यायचाय म्हणे. गुरुवार शेवटचा."

"मग गुरुवारी सकाळी या. होऊन जाईल."

ती गेल्यावर त्यानं सरांना फोन केला. सर शांतपणे म्हणाले, "नोकरीचं खूळ आहे. एकदा तारीख गेली की उतरेल. तू काही बोलू नकोस." डॉक्टर बरं म्हणाला. शाळेत दोनदा नापास होताना सरांनीच त्याला सांभाळून घेतलं होतं, आणि दुकानाची जागा सरांच्या मेव्हण्याची होती. त्यातून सर वाईट माणूस नव्हते. मुलींनी शिकावं म्हणून ते घरोघर फिरले होते. शिकून पुढे काय करावं, हे मात्र ते स्वतः ठरवणार होते.

*

ॲप तरीही उघडत नसेल तर ते काढून टाकून पुन्हा बसवावं.

*

सरांच्या घरी या बिघाडाची करमणूक झाली होती.

"लॅबमध्ये मशिनं चालवायचीस ना गं," नवरा जेवताना म्हणाला. "हे एवढंसं जमेना?"

"तुझ्या मोबाइलवर उघडून बघू का?"

"ऑफिसचा आहे तो. दुसऱ्याचं खातं टाकलेलं चालत नाही."

"लहानपणी मोबाइल मिळाला नसेल," सासू म्हणाली. तिचा स्वतःचा मोबाइल बटणांचा होता. "हळूहळू येईल हाताला."

सर हसले नाहीत. त्यांनी तिच्या बाजूनं बोलल्यासारखं केलं. "चिडवू नका तिला. सूनबाई, डॉक्टरला दाखवून ये. तो हुशार आहे."

तिनं मान खाली घालून ताटं उचलली. कपाळावरचा घाम पुसताना तिला खरंच वाटलं की आपलं बोटच चुकीच्या जागी पडत असावं.

पण चार वर्षांची सवय जात नाही. तिनं वही काढली आणि नोंदी केल्या, वेळेसकट. सकाळी सात वाजून दहा मिनिटं, कॅमेरा उघडला. सात बारा, मेल नाही. सात चौदा, गाणी उघडली. सात पंधरा, नकाशा नाही. बँक नाही. नोकऱ्यांचं ॲप नाही. हवामान उघडलं.

गुरुवारी तिनं ती वही डॉक्टरच्या काउंटरवर ठेवली.

"दादा, बिघाड असा निवडून कसा होतो? ज्यातून घराबाहेर जाता येतं तेवढंच बंद आहे. पाऊस पडणार की नाही ते मात्र कळतंय."

तिला गंमत करायची होती. डॉक्टरच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला.

त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती आणि मागच्या स्टुलावर बसली होती. ती वही वाचायला पुढे झाली. "अगं बाई, किती नीट लिहिलंयस. अहो, बघा तरी. तुम्हाला न जमणारा मोबाइल मी अजून पाहिला नाही."

"सर्व्हरचा प्रॉब्लेम असतो कधीकधी," डॉक्टर म्हणाला.

"चारच ॲपना?"

"हो. म्हणजे, असतं तसं."

"मग दादा, तुमच्या मोबाइलवर माझं मेल उघडू का? दोन मिनिटांचं काम आहे. आज शेवटचा दिवस."

इथे तो थांबू शकला असता. मोबाइल काउंटरवरच होता, बोटभर अंतरावर. नेट चालू होतं. रस्त्यावरून सायकलवाला घंटी वाजवत गेला, समोरच्या चपलांच्या दुकानात कोणीतरी नंबर बदलून मागत होतं, आणि डॉक्टर म्हणाला, "दुकानाचं नेट गेलंय सकाळपासून. तुम्ही मोबाइल ठेवून जा, संध्याकाळच्या आत करून देतो. नक्की."

आधीची खोटी वाक्यं सरांची होती. हे त्याचं स्वतःचं होतं.

"नक्की ना?"

"नक्की."

ती गेली. बायको डबा उघडता उघडता म्हणाली, "नेट गेलंय? मघाशी तर तुम्ही क्रिकेट बघत होता."

तो जेवला नाही.

संध्याकाळी सर स्वतः मोबाइल न्यायला आले. "झालं का?" त्यांनी विचारलं. "नाही," डॉक्टर म्हणाला. सर म्हणाले, "शाब्बास."

*

शनिवारी ती पुन्हा आली. ओरडायला आली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"शेवटी मी मैत्रिणीला पासवर्ड सांगितला, काल. तिनं उघडून बघितलं. गेली ती नोकरी, पुढच्या मुलीला दिली. आधीच सांगायला हवा होता पासवर्ड, पण तुम्ही नक्की म्हणालात म्हणून थांबले. चूक माझीच." ती जरा घुटमळली. "एक विचारायचं होतं. तुम्ही मोबाइल शिकवता का? अगदी पहिल्यापासून? घरी सगळे हसतात मला. मलाच जमत नाहीये हे."

डॉक्टरनं खुर्ची मागे सारली. उभा राहिला. पुन्हा बसला.

"ताई, तुम्हाला सगळं जमतं. मोबाइल चांगला आहे. त्यात कुलूप आहे. मी घातलंय. सरांनी सांगितलं होतं."

मग तो सगळंच सांगत गेला. किल्ली कुठे आहे, ॲप मुळात कोणासाठी असतं, परवा नेट कसं चालू होतं. हे सांगताना त्याचा आवाज लहान लहान होत गेला.

"मुलांसाठीचं," ती म्हणाली. "मी सव्वीस वर्षांची आहे."

"हो."

"किती जणींच्या मोबाइलमध्ये घातलंय?"

"मोजलं नाही कधी."

"मोजा." तिनं पर्समधून तीच वही काढली, कोरं पान उघडलं, पेन त्याच्यासमोर ठेवलं. "आठवून लिहा. अंदाजानं लिहू नका. आणि आधी हे काढा."

काढायलाही चार मिनिटं लागली. पाचव्या मिनिटाला डॉक्टरचा मोबाइल वाजला. त्यानं तो स्पीकरवर टाकला.

"अरे, माझ्याकडे काहीतरी आलंय," सर म्हणाले. "सूनबाईचं कुलूप निघालं म्हणून. बिघाड झाला का काही?"

"नाही सर. मी काढलं."

सरांनी आवाज खाली आणला. "जागा कोणाची आहे, विसरलास वाटतं."

"नाही विसरलो. रिकामी करून मागितली तर करून देईन. पण आता हे काम होणार नाही. तुमचं नाही, कोणाचंच नाही."

"तिच्या भल्यासाठी होतं ते. तुला कळायचं नाही."

"बाबा," ती म्हणाली. सरांना ती तिथे आहे हे ठाऊक नव्हतं. "मला विचारलं असतंत तर मी भांडले असते. तुम्ही भांडूही दिलं नाहीत. मला येडं ठरवलंत, ताटावर बसून, रोज." तिचा आवाज चढला नाही. "मी घरी येतेय. सगळ्यांना बसवून ठेवा. बोलायचंय."

सरांनी फोन ठेवला.

मेल उघडलं. निवडीचं पत्र अजून तिथेच होतं, त्याखाली दुसरं, दिलगिरीचं. तिनं दोन्ही पत्रं पूर्ण वाचली. मग नोकऱ्यांचं ॲप उघडून ती काउंटरवर रेलून उभीच राहिली, आणि एकामागून एक जाहिराती बघत राहिली. डॉक्टरनं तिची माफी मागितली. तिनं "ऐकलं" एवढंच म्हटलं.

त्या वहीत एकोणचाळीस घरं झाली. सोमवारपासून डॉक्टर एकेका घरी जाऊ लागला. मोबाइल जिचा होता तिलाच हाक मारायचा, तिच्यासमोर सांगायचा, तिच्या हातानं कुलूप काढवायचा. चार दारं तोंडावर बंद झाली. एका घरात मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला माहीत होतं. दुकानाच्या दारावर त्यानं कागद लावला: ज्याचा मोबाइल त्यानंच आणावा. लोक म्हणाले, डॉक्टरचं डोकं फिरलं. सर आता समोरच्या फुटपाथनं जातात.

तुमच्या घरात कोणाला मोबाइल नीट जमत नसेल, तर हसण्याआधी किल्ली कोणाकडे आहे ते बघा.

डॉक्टरनं कुलूप घातलेला पहिला मोबाइल त्याच्या बायकोचा होता, सात वर्षांपूर्वी, आणि तो त्या यादीत नाही.