पेन्सिलीखालची ताई

मी शाळेत दुसरीपर्यंत गेले. सही करते, पाटी वाचते, आणि कोणी फसवायला आलं तर त्याचं तोंडही वाचते. पण पेन्सिल धरावी तर मीच, हे आमच्या अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं.

आमच्या यांचा फोटो स्टुडिओ होता. हे फोटो काढायचे आणि मी मागच्या खोलीत बसून निगेटिव्हवर लोकांचे चेहरे सुधारायचे. निगेटिव्हच्या बिनचकाकीच्या बाजूला पातळ रोगणाचा थेंब चोळायचा, खालून उजेड सोडायचा आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने ठिपक्याशेजारी ठिपका ठेवत जायचं. तिथला खड्डा भरला की फोटोत गाल सपाट. मुरमं, वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळी माझ्या हाताखालून गेली. गिऱ्हाईक म्हणायचं, "वा, काय फोटो काढलाय!" आणि हे मिशीतल्या मिशीत हसायचे. मी पडद्याआडून ऐकायचे. कौतुक कोणाचं चाललंय ते मला कळत होतं आणि यांनाही.

हे गेले, स्टुडिओ बंद झाला. निगेटिव्ह अकरा पत्र्याच्या डब्यांतून माझ्या पलंगाखाली आल्या. थोरला म्हणायचा, "आई, टाकून दे ते, आंबूस वास मारतोय."

"तुझ्या मोज्यांनाही मारतो. तुला टाकला का मी?"

धाकट्या सुनेने मात्र एक दिवस पलंगाखाली वाकून विचारलं, "आई, मी बघू का?" आणि आठवड्याभरात कुठून तरी जुना फिल्म स्कॅनर घेऊन आली. शिलाई मशीनच्या डोक्याएवढा काळा डबा. फिल्म एका चौकटीत बसवून त्याच्या तोंडात द्यायची. तो घरघर करत ती गिळतो, आतून उजेड सोडतो आणि कंप्युटरवर फोटो उतरवतो. एकेका फोटोला दहा-दहा मिनिटं. मी म्हटलं, "तुझं यंत्र माझ्यापेक्षा हळू जेवतं."

सुरुवात डब्यांतल्या घरच्या रंगीत स्लाइडांपासून केली. थोरला बादलीत उघडाबंब बसलेला निघाला. तो लाजून खोलीबाहेर गेला, त्याची बायको मात्र परत परत बघत राहिली. मी एका जागी बोट ठेवून काही दाखवायला गेले तर धाकटी म्हणाली, "आई, पडद्याला बोट नका ना लावू, डाग पडतात." माझ्या घरात मला! पण गप्प बसले, कारण मला तिच्याकडून काम करून घ्यायचं होतं.

मला एकच फोटो हवा होता. ताईचा.

आमची आई गेली तेव्हा मी चार वर्षांची, ताई चौदाची. तिने मला वाढवलं. मला देवी आल्या तेव्हा सगळे दूर झाले, ताई उशाशी बसून राहिली. मला दोन-चार फोड येऊन गेले, कानामागे एक वण राहिला. तिला माझ्याकडून लागण झाली आणि तिचा चेहरा अख्खा चाळणीसारखा झाला. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. मी नसते राहिले गप्प, आयुष्यभर ऐकवलं असतं.

माझं लग्न झाल्यावर ती एकदाच स्टुडिओत आली. यांनी तिचा फोटो काढला. मी तीन दिवस त्या निगेटिव्हवर बसले. एक खड्डा ठेवला नाही. माझ्या हातून त्याहून चांगलं काम पुढे कधी झालं नाही. फोटो तिच्या हातात दिला. तिने बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "छान आहे गं. कोण आहे ही?"

आम्ही सगळे हसलो. तीही हसली. वर्षभरात ती गेली.

तिचा फोटो भिंतीवर होता, तो ओल येऊन कुजला. राहिली ती निगेटिव्ह. आणि अलीकडे मला एक भीती लागली होती. डोळे मिटले की ताई यायची ती त्या फोटोतली, गुळगुळीत. खरी ताई कशी होती ते आठवायला जायचे आणि मधे माझीच पेन्सिल यायची. तरी म्हटलं, आहे ती तर आहे. तीही गेली तर मग काहीच नाही.

त्या दुपारी मी डोळ्यांत औषध घालून पडले होते. उठून आले तर टेबलावर कापसाचे बोळे, सगळे करडे. शेजारी ताईची निगेटिव्ह ठेवायचं पाकीट, रिकामं.

"हे काय केलंस?"

"पुसली, आई. काळ्यापांढऱ्या फिल्मवरची धूळ यंत्राला काढता येत नाही. त्या फिल्मवरचं चित्र चांदीचं असतं, यंत्र त्यालाच धूळ समजतं. म्हणून फिल्म साफ करायच्या औषधाने हातानेच पुसली. चेहऱ्यावर केवढी घाण होती बघा."

"घाण? माझे तीन दिवस होते ते!"

तिला कळायला क्षणभर लागला. कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. तिच्या माहेरापासून तिच्या चष्म्यापर्यंत काही सोडलं नाही. ती हातातला बोळा तसाच धरून उभी. "मला विचारायला हवं होतं," एवढंच म्हणाली.

आणि यंत्र घरघरतच होतं. त्याला आमच्या भांडणाशी काय करायचंय! पडद्यावर फोटो वरून खाली उतरत होता. आधी केस. मग कपाळ. मग मी बोलायची थांबले.

कपाळावर खड्डे. गालांवर खड्डे. आणि डाव्या नाकपुडीशेजारी तो एक, सगळ्यांत खोल, मसुरीच्या दाण्याएवढा. लहानपणी झोप लागेपर्यंत मी त्यात करंगळीचं टोक टेकवून पडायचे. हे मी विसरले होते. सांगते ना, साफ विसरले होते. ताई तशीच बघत होती, ओठ थोडे दाबून, आता रागावेल की हसेल ते कळू न देता.

मी पडद्यावर करंगळी टेकवली. धाकटीने मला हटकलं नाही.

थोड्या वेळाने नाक ओढत म्हणाली, "आई, मी कंप्युटरवर परत सगळं गुळगुळीत करून देते. होतं तसं."

"एका खड्ड्याला हात लावलास तर बघ!"

ती घाबरलीच. मग माझ्याकडे बघून काय समजायचं ते समजली आणि खुर्ची सरकवून मला बसायला दिली.

"बाकीच्या डब्यांतलं काही पुसायचं नाही, सांगून ठेवते," मी म्हटलं. "त्या लोकांनी मागून, सांगून चेहरे करून घेतलेत. तसेच राहू देत."

"मग मावशींचा तसा का नको?"

"ताईने सांगितलं नव्हतं. मीच शहाणपणा केला."

फोटो मोठा करून आणलाय. पलंगासमोर लावलाय, खड्ड्यांसकट. थोरला म्हणाला, "मावशी यात जरा..." मी नुसतं बघितलं, तो पुढचं गिळून बसला.

धाकटीची मी माफी मागितलेली नाही, ती मला जमत नाही. पण माझी पेन्सिल तिच्या टेबलावर नेऊन ठेवली, टोक काढून. रोज संध्याकाळी ती एक डबा उघडते, मी शेजारी बसते आणि कोणाच्या गालावर माझा हात फिरलाय ते तिला दाखवते. पडद्यावर बोट ठेवून दाखवते. नंतर ती पुसून घेते. पडदा, चेहरे नाही.