इरम्माच्या गळ्यातील करंडा

मी एक जुना चांदीचा करंडा आहे, मित्रांनो, आणि भीती हीच माझी मातृभाषा आहे. आकाराने मी लिंबाएवढा. कानडी बोलणारे पाहुणे मला करडिगे म्हणतात. शिवदोऱ्यात ओवून मला गळ्यात घालतात आणि माझ्या पोटात इष्टलिंग ठेवतात. लिंगायत माणूस ते जन्मभर अंगावर बाळगतो. रोज स्नानानंतर ते तळहातावर घेऊन त्याची पूजा करतो. माझी बाई तर त्या पूजेआधी पाण्याचा थेंबही तोंडात घालत नाही. लिंग अंगावेगळे होऊ द्यायचे नाही, एवढेच माझे काम. एवढे एकच काम असले, की ते चुकण्याचे भयही एकच असते, आणि ते कधी झोपत नाही.

लोहाऱ्यातल्या एका सोनाराच्या मुशीत माझा जन्म झाला. इरम्माच्या आईने आपले पायातले वाळे मोडले. त्यांची चांदी वितळली, पातळ पत्रा झाली आणि हातोडीच्या लहान लहान घावांनी गोल होत गेली. लग्नात मला इरम्माच्या गळ्यात घातले तेव्हा बायका माझ्यावरची वेलबुट्टी निरखून म्हणाल्या, “काय नाजूक काम हाय गं!” ती माझी पहिली स्तुती. इरम्मा तेव्हा दर सोमवारी मला चिंचेने घासून लखलखीत करायची.

मग त्र्याण्णव सालचा भूकंप झाला. इरम्माचे माहेर सास्तूर भागात होते. तिची आई ढिगाऱ्याखाली सापडली, पण तिच्या गळ्यातला करंडा सापडला नाही. आमच्यात मृताला बसवून पुरतात, त्याच्या हातात त्याचे लिंग देतात. त्या दिवशी एवढी माणसे गेली होती, की पडलेल्या घरांचीच लाकडे रचून कोण कुणाचे हे न पाहता सगळ्यांना एकत्र अग्नी दिला गेला. इरम्मा दूर उभी राहून तो धूर पाहत होती. तिच्या मुठीत मी होतो. त्या मुठीने माझ्या कडेला पडलेला पोचा अजून तसाच आहे.

त्यानंतर तिने मला घासण्यापुरतेही गळ्यातून काढले नाही. मी काळा पडत गेलो. लोकांना ते दुर्लक्ष वाटले असेल. मला ठाऊक होते, ते भय होते.

तीस वर्षांहून अधिक काळ असाच गेला. यंदा चैत्रात मठाच्या स्वामीजींनी इरम्माला आणि तिच्या नवऱ्याला बोलावून घेतले. तिचे यजमान गौरीशंकर गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले. कॅनडातल्या एका शहरात आपल्या समाजाने प्रार्थनामंदिर बांधले होते आणि तिथे कुणी जाणते नव्हते. गुरुजींनी मुलांना प्रार्थना शिकवायची, इरम्माने दासोहाची, म्हणजे सर्वांना जेवू घालण्याची, चूल सांभाळायची. दोन वर्षांची सेवा. गुरुजींचे डोळे भरून आले. इरम्माने होकाराची मान हलवली. स्वामीजींना ती मान दिसली. मला मात्र तिच्या छातीतली धडधड ऐकू आली, बंद दारावर कुणीतरी बाहेरून थापा मारत राहावे तशी.

गुरुजी हाडाचे मास्तर. विमानतळावर इरम्मा गोंधळू नये म्हणून त्यांनी घरातच तपासणीचा सराव सुरू केला. उंबरा म्हणजे यंत्र, धुण्याचा टब म्हणजे सामान ठेवायचा ट्रे, हातात तपासणीची दांडी म्हणून उलथने. त्यांची थोरली बहीण नीलम्मा शेंगा फोडत बसली होती.

“पुढं या. हात पसरा. अंगावर धातूचं काय काय हाय?” गुरुजींनी वर्गातला आवाज काढला.

“मंगळसूत्र हाय, जोडवी हायेत,” इरम्मा म्हणाली, “आन् म्होरं उलथनं घेतलेला एक मास्तर हाय.”

“त्यालाच आधी टबात ठिव,” नीलम्मा म्हणाली. तिघेही हसले.

“आता गळ्यातला करंडा काढून ट्रेमदी ठेवा.”

इरम्माचे पसरलेले हात खाली आले. “न्हाय.”

“अगं, खोटं खोटं.”

“खोटं खोटंबी न्हाय. त्यांनी उघडला तर? हातातून पडला तर? त्या पट्ट्यावरनं आत गेला आन् भाईर आलाच न्हाय तर?”

“भाईर येतंय गं सगळं. लोकांच्या बुटासुदीक येतेत.”

“बुटासंगं माझं लिंग जोडू नगा तुमी!”

नीलम्माने हातातली शेंग खाली ठेवली. “व्हय रं गौरीशंकर, तिकडं बर्फानं जमीन दगडावानी होती म्हणं. माणूस मेलं, तर पुरत्यात कसं?”

 गुरुजींनी उलथने पुन्हा स्वयंपाकघरात नेऊन ठेवले.

निघण्याच्या आदल्या दिवशी इरम्मा एकटीच सोनाराकडे, पोतदारांकडे गेली.

“झाकण कायमचं बंद करा,” ती म्हणाली. “डाक लावून सांधून टाका.”

“आत लिंग हाय न्हवं? आच लागली की लिंगावरचा काळा लेप उकलंल, बाई.”

“मग खिळा ठोका. कुणाच्याबी नखानं उघडू ने.”

“आन् पूजा?”

“दोन दिवसाचा परवास हाय. दोन दिवस उपास धरते. तिथं उतरल्यावर काढीन.”

“कशानं?”

तिने त्याचा विचारच केला नव्हता. “मास्तरास्नी सांगू नगा,” एवढेच ती म्हणाली.

माझ्या झाकणातून चांदीचा बारीक खिळा आरपार गेला आणि दोन्ही टोके ठोकून सपाट झाली. मित्रांनो, जन्मल्यापासून रोज सकाळी मी उघडलो होतो. आपल्या आतला अंधार किती दाट असतो, हे मला त्या रात्रभर मिटून राहिल्यावरच कळले.

सकाळी आंघोळ करून इरम्मा देवघरासमोर बसली. बंद करंडाच तळहातावर ठेवून ओठ हलवत राहिली. गुरुजींना वाटले, पूजा झाली. चहा नको म्हणताना तिने सांगितले, “जीपमदी उमासं येत्यात मला.”

वैशाखाचे ऊन. जीपने उमरगा गाठेपर्यंत तिचे ओठ सुकून पांढरे पडले. विमान हैदराबादहून होते आणि तिकडची गाडी लागायला तासभर होता. स्टँडवरच्या बाकावर बसता बसता ती एका कुशीला कलंडली. आतापर्यंत तिचे काळीज धावताना मी अनेकदा ऐकले होते. या वेळी ते अडखळत होते. एक ठोका, मग एक पोकळी, मग पुन्हा एक ठोका. त्या पोकळीत मी मोठ्याने ओरडलो असतो. पण चांदीला आवाज नसतो.

गुरुजींनी बाटलीचे झाकण उघडले. “इरम्मा, तोंड उघड. घोटभर घे.”

तिने दात घट्ट मिटले. “पूजा व्हायचीय.”

“सकाळी केलीस की!”

तिने मला त्यांच्यापुढे धरले. गुरुजींच्या बोटाला खिळा लागला. चाळीस वर्षे मुलांच्या चुका दुरुस्त केलेला तो माणूस पांढरा पडला. “हे काय करून बसलीस गं?”

“माझ्या आईचं सापडलं न्हाय,” ती पुटपुटली. “माझं तरी ऱ्हावं.”

“आन् तूच ऱ्हायली न्हाईस तर? पाणी पी आधी, पूजा मागनं कर.”

तिने मान फिरवली. गुरुजी धावत सुटले. स्टँडच्या फाटकाशी कुलपांच्या किल्ल्या करणारा एक म्हातारा बसला होता, त्याला ते हाताला धरूनच घेऊन आले. त्याच्या हातातली कानस पाहून माझा पत्रा गारठला. मी ज्या क्षणाला आयुष्यभर भ्यालो, तो समोर उभा होता: परका हात, लोखंडी धार आणि भोवती गोळा झालेली माणसे.

“आत काय हाय, माय?” म्हाताऱ्याने विचारले.

“देव हाय.”

त्याने हात मागे घेतले, सदऱ्याला पुसले. “मग तुमीच धरा. म्या निस्ता खिळा कापतो. भेऊ नगा, देवाला हात न्हाय लावायचो.”

इरम्माने मला दोन्ही हातांत घट्ट धरले आणि तो चिमटीत कानस धरून खिळा घासू लागला. चांदीचा बारीक भुगा तिच्या पदरावर पडत होता. एकदा कानस घसरली आणि माझ्या वेलबुट्टीवर आडवा ओरखडा उठला. मग खिळ्याचे डोके निघाले. झाकण सुटले. आत प्रकाश आला.

बाटलीतल्या पाण्याने हात धुऊन, त्या गजबजलेल्या स्टँडवर, कंडक्टरच्या आरोळ्यांत इरम्माने लिंग तळहातावर घेतले. भस्म लावले, डोळे मिटले. पिशव्या घेतलेली माणसे पाहत होती. कुणी चार पावले बाजूला सरकून जागा करून दिली. पूजा झाली. मग ती पाणी प्यायली, न थांबता, अर्धी बाटली.

गुरुजींनी हलकेच विचारले, “परत घरी जायचं का? स्वामीजींस्नी मी सांगतो.”

तिने पदरावरचा चांदीचा भुगा झटकला. “भ्या वाटतंय मला,” ती म्हणाली. “लई.”

“मलाबी वाटतंय.”

“तुमाला? मग उलथनं घेऊन एवढी मास्तरकी कशाला केली?”

“भ्या वाटत व्हतं म्हणूनच की.”

ती किंचित हसली. माझे झाकण आता नीट बसत नव्हते. तिने शिवदोऱ्याच्या टोकाने ते सैल बांधले, एका ओढीने सुटेल असे. “मशीनवाला काढा म्हणला तर म्या उघडून दावीन. धरीन मातर माझ्याच हातात. तसं न्हाय म्हणला, तर टबात ठिवीन आन् तिथंच हुबी ऱ्हाईन, भाईर येस्तवर.”

हैदराबादची गाडी फलाटावर लागली आहे. हे सांगत असताना मी तिच्या छातीवर आहे, ओरखडलेला, सैल झाकणाचा. ते यंत्र मला परत देईल की नाही, मला ठाऊक नाही. ती गोठलेली जमीन कशी असते, तेही ठाऊक नाही. तिचे काळीज जोरात धडधडते आहे, पण आता एकही ठोका चुकत नाही. मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी भीतीपोटी काहीतरी घट्ट मिटून बसले असेल. त्यांना हसू नका. त्यांच्या वस्तूवर एकदम झडपही घालू नका. ती त्यांनाच धरू द्या, आणि खिळा तेवढा तुम्ही हळूच कापा.