घाटातला दुसरा गिअर

गिअर टाकताना खर्र आवाज आला की अण्णा दोष द्यायचे तो गाडीला, रस्त्याला, नाहीतर शेजारी बसलेल्या माणसाला. आज शेजारी त्यांची मुलगी स्वरदा होती. भद्रा मारुतीचं दर्शन घेऊन दोघं खुलताबादहून गारखेड्याला घरी निघाले होते, आणि गाव संपायच्या आतच पुन्हा खर्र झालं. तू मधेच बोललीस म्हणून, असं अण्णांनी जाहीर केलं. स्वरदानं अवाक्षर काढलं नव्हतं.

दर्शन हे आपलं निमित्त. खरी होती ती अण्णांची परीक्षा. सोमवारपासून स्वरदाच्या मुलीला, स्वरालीला, शाळेत कोण सोडणार यावरून घरात धुसफूस चालली होती. अण्णांना ते काम जिवापाड हवं होतं. बायको गेल्यापासून सकाळी उठून करायचं काय, हेच त्यांना कळत नव्हतं. स्वरदाला मात्र पोरीला त्यांच्या गाडीत बसवायची धास्ती वाटत होती. शेवटी ठरलं की अण्णांनी दौलताबादचा घाट चढून-उतरून दाखवायचा. नीट उतरले, तर तिनं पुन्हा तोंड उघडायचं नाही.

धास्तीला कारण होतं. वर्षभरात गिअरबॉक्स दोनदा खोलली होती. नवे दाते बसवले, तेही झिजले. अण्णा क्लच पुरता दाबत नाहीत, घाईत अर्ध्यावरच गिअर कोंबतात, हे स्वरदाच्या लक्षात आलं होतं. तिनं तसं बोलून दाखवलं, तर अण्णांनी दोन दिवस अबोला धरला. पाटबंधारे खात्याची जीप मराठवाडाभर पळवलेल्या माणसाला क्लच शिकवायचा म्हणजे काय! ताठा, दुसरं काही नाही, असं ती मनाशी म्हणाली होती.

चढताना गाडी कण्हत का होईना चढली होती. आता उतार लागला आणि अण्णांनी नेहमीप्रमाणे गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. उतारावर पेट्रोल जाळणं त्यांना उधळपट्टी वाटायची. स्वरदानं गिअरमध्ये राहू द्या म्हणून विनवलं. अण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

गाडीनं वेग घेतला. अण्णा ब्रेक दाबत, सोडत, पुन्हा दाबत होते. दुसऱ्या वळणाला जळका वास आला. तिसऱ्या वळणाला ब्रेक दाबूनही गाडी हवी तशी आवरेना. खाली रस्त्यावरच्या दौलताबादच्या जुन्या, अरुंद दरवाजाच्या अलीकडं वाहनांची रांग थांबली होती, आणि रांगेच्या शेवटी शाळेची बस होती.

"अण्णा, दुसरा टाका."

अण्णांनी दांडा ओढला. खर्र. पुन्हा ओढला. सगळी गाडी थरथरली, पण गिअर काही पडेना.

"क्लच दाबा."

"दाबलाय!"

"पुरता दाबा, अण्णा."

"दाबलाय म्हणतो ना!"

त्यांच्या आवाजात ताठा नव्हता, भीती होती. वडिलांचा असा आवाज स्वरदानं जन्मात ऐकला नव्हता. बस मोठी होत चालली. मागच्या काचेतून पोरं हात हलवत होती. तिनं हँडब्रेकला हात घातला, एकदम नाही, थोडा थोडा ओढत नेला, आणि दुसऱ्या हातानं स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला वळवलं. गाडी मुरमात घुसली, घासत गेली, चरात एक चाक उतरून थांबली.

अण्णांनी इंजिन बंद केलं. मग पुटपुटले, गिअरबॉक्सच भंगार आहे, मी काय करणार.

स्वरदाला इतका संताप आला की ती क्लच बघायला सरळ खाली वाकली. क्लचच्या खाली अण्णांची चप्पल आडवी अडकली होती. डावा पाय अनवाणी होता. तिनं चप्पल ओढून काढली आणि त्यांच्यापुढं धरली.

अण्णांनी चपलेकडं पाहिलं. "पायात आहे ना माझ्या," ते म्हणाले.

तिचा राग तिथंच जिरला. इतक्या वर्षांचा साखरेचा आजार, पायाला काही कळतच नसणार, आणि ती ताठ्याला बोल लावत बसली होती. तिनं पुन्हा वाकून त्यांच्या अंगठ्याला चिमटा काढला, नख रुतेल असा.

"कळतंय का, अण्णा?"

अण्णा समोर काचेतून बसकडं बघत होते.

"काय?" त्यांनी विचारलं.

त्यांनी खाली पाहिलं, आणि लेकीचा हात त्यांना आपल्या पायावर दिसला. त्या हाताकडं ते नुसते पाहत राहिले. मग किल्ली काढून तिच्या मांडीवर ठेवली.

"सोमवारी मागं स्वराली असती गं," अण्णा म्हणाले, आणि दार उघडून, गाडीला धरून धरून, शेजारच्या सीटकडं यायला निघाले.