पुसले गेलेले पहिले बोलणे

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. वकीलसाहेबांच्या कपाटात, कायद्याच्या जाडजूड पुस्तकांमागे धूळ खात पडलो आहे. एके काळी मात्र माझ्यावाचून त्यांचे पान हलत नसे. जुने निवाडे शोधून ते मला वाचून दाखवत, युक्तिवादाची तालीम करत आणि मग ऐकून स्वतःच्याच चुका काढत. "हा खरा गुरू, तोंडावर बोलतो," असे सगळ्यांना सांगत. मीही फुशारून जाई.

साक्षीदारांची तालीमही माझ्यासमोरच होई. एकदा एक शिंपीण आली. तिच्या मुलावर दुकान फोडल्याचा आरोप होता. त्या संध्याकाळी तो घरीच होता, हे सांगणारी ती एकटीच. पहिल्या दिवशी ती चाचपडत बोलली.

"सहाचा भोंगा झाला होता. मशीनची सुई मोडली, ती त्यानंच बदलली. दोरा ओवताना म्हणाला, आई, चष्मा घे आता. मी चिडले त्याच्यावर. जेवायला बसलो तेव्हा आठ झाले असतील..." आणि ती रडू लागली.

"मावशी, कोर्टात असं भरकटून चालत नाही," साहेब म्हणाले. "एवढंच म्हणा, तो सहा ते आठ घरी होता, माझ्यासमोर होता."

बारा वेळा तालीम झाली. कॅसेट एकच होती. नवे बोलणे भरले की जुने पुसले जाई, आणि मी निमूटपणे पुसत गेलो. बाराव्या खेपेला ती एकदाही अडखळली नाही. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

कोर्टात समोरच्या वकिलाने तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला. तिन्ही वेळा तिने तेच वाक्य जसेच्या तसे म्हटले. 'साक्ष पढवलेली वाटते,' असे न्यायाधीशांनी लिहिले. मुलाला तीन वर्षांची शिक्षा झाली. साहेबांनी तो निकाल खोलीत मोठ्याने वाचला, पण त्या दिवशी मला चालू केले नाही.

महिन्याने ती पुन्हा आली. "साहेब, माझं पहिल्या दिवशीचं बोलणं ऐकवता का? त्या संध्याकाळी पोरगा मला काहीतरी म्हणाला होता. आता आठवतच नाही. ते एक वाक्यच तोंडात येतं."

साहेबांनाही आठवेना. त्यांनी कॅसेट लावली.

"तो सहा ते आठ घरी होता, माझ्यासमोर होता," मी तिच्याच आवाजात म्हणालो.

ती उठून गेली. साहेबांनी मला कपाटात ठेवले ते कायमचेच.

मित्रांनो, कुणी चाचपडत काही सांगत असेल तर ते आधी जपून ठेवा, नीटनेटके मागाहून करा. मला सगळे आठवते, पण टेपवर नाही ते मला बोलता येत नाही. ती शिंपीण कुठे भेटली, तर तेवढे तुम्ही सांगा. तो म्हणाला होता, आई, चष्मा घे आता.