न फुगणारी फळी

मैनाला हळू बोलता येत नसे. गोविंदाच्या मिठागराची उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारं फळ्यांचं दार, सारखी कुजायची. तेव्हा ‘मी खोक्याच्या पाइनचं दार देते, ते कुजणारही नाही आणि फुगणारही नाही,’ असं ती पेणच्या भर बाजारात सांगून बसली. बाप काळुराम गेल्यावर सुतारकाम तिनेच चालवलं होतं, आणि बाई रंधा मारते म्हणून हसणारे अजून होतेच.

रोह्याच्या कंपन्यांत यंत्रं येत, त्यांची खोकी भंगारवाला मुराद विकायचा. मैनाने त्या फळ्या लोखंडी टाकीत भरल्या, झाकण मातीने लिंपलं आणि टाकी निवत्या वीटभट्टीत ठेवली. फळ्या चिंचेसारख्या तपकिरी होऊन निघाल्या. पिंपात बुडवून ठेवल्या तरी जाडी तेवढीच. खिळा मारला की मात्र चिरत, म्हणून तिने भोकं पाडून बोल्ट घातले आणि मागे सागाच्या आडव्या पट्ट्या दिल्या.

अष्टमीच्या उतरत्या पाण्यात दार बसलं आणि सांध्यांतून झिरपू लागलं. कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. नवं दार गळणारच. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि सांधे बुजतात, म्हणून तर काळुराम दोन फळ्यांमध्ये पत्र्याची पट्टी धरून फट सोडायचा. मैनानेही तीच पट्टी धरली होती. मग सगळे फळ्या फुगायची वाट बघत बसले, मैनासुद्धा.

चतुर्दशीला गोविंदा घाबराघुबरा आला. उद्या अमावास्येचं उधाण, कोंड्यांत, म्हणजे मिठाच्या वाफ्यांत, मीठ तयार, आणि दार अजून गळतंय. जुनंच दार परत बसव म्हणाला.

मैनाच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. ज्या गुणाची बाजारभर फुशारकी मारली, तोच ती विसरली होती. तिला लाज वाटली आणि हसूही आलं.

“दार चांगलं हाय, माझा हात चुकला,” ती म्हणाली. “उद्याच्या ओहोटीला नीट करते. मीठ गेलं तर रंध्याला परत हात लावणार नाय.”

पहाटेच्या ओहोटीला तिने दार काढलं, कडा रंधून फळ्या एकमेकींना घट्ट भिडवल्या. कागद जाईल एवढीही फट ठेवली नाही. दार बसलं तेव्हा गोविंदा देवाचं नाव घेत होता.

दुपारी पाणी दाराच्या माथ्यापर्यंत चढलं. गोविंदाने आतल्या बाजूने फळ्यांवरून तळवा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला.

“कोरडी हाय गो,” तो म्हणाला. “बाकीच्या उघाड्यांची मापं घेऊन टाक.”

मैनाने पेटी उघडली. बापाची फट सोडायची पत्र्याची पट्टी वरच होती. ती हातात घेऊन तिने पदराने पुसली. मग पट्टी बाजूला सारून तिने टेप काढला.