बाहीतला हात

मी एक अंगरखा बोलतोय. हसू नका, साधासुधा अंगरखा नाही मी. स्कॉटलंडमधल्या एडिनबरोच्या राजघोषकाचा आहे. सोनेरी जरीवर लाल सिंह भरलाय माझ्या, आणि वजन असं की नव्या माणसाचे खांदे दुखून येतात. तीनशेवर वर्षं उलटली, पण एका सकाळी जे पाहिलं त्यानं मी अजून सुन्न आहे.

आमचं घोषकपद फार जुनं. माझ्या आधीचे अंगरखे लढाई संपली की रणांगणात हिंडत आणि ढालींवरची चिन्हं ओळखून मेलेल्यांची नावं सांगत. दोन्हीकडचे सैनिक त्यांना वाट देत, कारण नियमच तसा होता. अंगरखा राजाचा, म्हणून त्याच्या बाहीतून येणारा हातही राजाचा. आत कोण आहे ते विचारायचं नाही. पुढे घोषक चौकातल्या दगडी स्तंभापाशी नवा राजा जाहीर करू लागले, घराण्यांना कुलचिन्हं रंगवून देऊ लागले. किती पुण्याचं काम, असं मला वाटायचं!

माझा धनी निनियन. हाडाचा चित्रकार. माझी डागडुजी त्याची बायको ग्रिझेल करायची. माझ्या रुंद बाह्या खालून उघड्याच असतात, त्यांच्या कडा ती पुन्हा पुन्हा शिवायची आणि म्हणायची, "लग्न तुझ्याशी केलं, सेवा मात्र या सिंहाची चाललीय!"

मग तिचा भाऊ गिल्बर्ट बंडात सापडला आणि आमच्या पदाची दुसरी बाजू मला कळली. राजद्रोह्याचं कुलचिन्ह घोषकानंच भर चौकात फाडायचं. ते फाटलं की घराणं संपलं. मी हादरलोच. रंगवणारेही आम्ही आणि फाडणारेही आम्हीच? आणि अंगरख्यातला माणूस नाही म्हणाला, तर तोही राजद्रोह. त्यालाही फाशी.

त्या सकाळी निनियनला मचाणावर उभं केलं. हातात कागद होता, त्यावर गिल्बर्टच्या घराण्याचं रानडुकराचं मुंडकं. निनियननंच हौसेनं रंगवलेलं. शेजारी गिल्बर्ट, हात बांधलेले.

"फाडा," प्रमुख घोषक म्हणाले.

निनियनची बोटं हलेनात.

"काय रे मेव्हण्या," गिल्बर्ट हसून म्हणाला, "रंगवताना हात असा अडखळला असता, तर माझ्या डुकराची शेळी झाली असती."

गर्दीत कुणी हसलं. प्रमुख घोषक हळूच पुटपुटले, "निनियन, अरे फाड बाबा. मला आणखी एकदाच सांगता येईल."

इतक्यात गर्दीतून ग्रिझेल वर चढली. पहारेकरी धावला, तोवर ती निनियनच्या पाठीशी पोचलीही होती. तिनं माझ्या दोन्ही बाह्यांत खालून हात घातले. मला वाटलं, ती त्याला ओढून नेणार. पण तिनं त्याच्या बोटांतून कागद काढून घेतला आणि माझ्या बाहीतूनच टर्रकन फाडला.

माझ्या अंगाचा धागा न् धागा थरारला. पहारेकऱ्याला काय करावं सुचेना. प्रमुख घोषकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या बाह्यांकडे, आणि घसा खाकरून म्हणाले, "हात बाहीतून आला. झालं काम."

"शाबास गं, ग्रिझे," गिल्बर्ट म्हणाला. "एकाला तरी घरी ने."

दुपारपर्यंत त्याला फासावर दिलं.

घरी तिनं निनियनच्या अंगावरून मला उतरवलं. तो रडत म्हणाला, "ग्रिझेल, तो हात तुझा नव्हता गं. राजाचा होता. नियमच आहे तसा."

"हो ना?" ती म्हणाली. "मग राजालाच सांग तुला जेवायला वाढायला. माझे हात आता उठायचे नाहीत."

निनियननं पुन्हा कधी मला अंगावर घेतलं नाही. माझ्यात दुसरे शिरले, त्यांनी नवे राजे जाहीर केले, लोकांनी टोप्या उडवल्या. आता मी संग्रहालयात काचेमागे आहे. माझी जर काळी पडलीय. लोक येतात आणि म्हणतात, "काय सुंदर काम आहे!"

सुंदर म्हणा, माझी हरकत नाही. पण जाताना एवढं मनावर घ्या. अंगरखा कुणाचाही असो, हात ज्याचा त्याचाच असतो. ग्रिझेलचे ते हात माझ्या आत होते, म्हणून सांगतो. बर्फासारखे गार पडले होते.