पाणी मुरलेली चटई

मी गोठ्यातली चटई बोलतेय. माणसांच्या बसायची नव्हे, गाईच्या पायाखालची. अंग रबराचं आणि पोटात काथ्याचे बारीक तुकडे.

या दोघांचं माझ्या आत कधी पटलंच नाही. रबराला पाण्याचा तिटकारा. काथ्या मात्र नारळाच्या सोडणात असल्यापासून महिनोन्महिने खाडीत कुजत पडलेला, त्याला पाणी दिसलं की प्यायलाच हवं. त्यामुळे मला स्वस्थता अशी ठाऊक नाही.

माझी मालकीण कार्त्यायनी. तिचा जन्म काथ्याचा दोर वळण्यात गेला. तिची एकुलती एक गाय, अम्मिणी, गेल्या खेपेला ओल्या सिमेंटवर घसरली आणि पोटातलं वासरू गेलं. यंदा अम्मिणी पुन्हा गाभण राहिली, तशी कार्त्यायनी चर्चमागच्या इट्टीच्या रबराच्या कारखान्यात गेली. म्हणाली, नुसतं रबर ओलं झालं की शेवाळासारखं निसरडं होतं, त्यात माझा काथ्या घाल. इट्टी म्हणाला, घालतो, पण कडकडीत वाळलेला हवा.

तिने तो अंगणात पसरून कुरकुरीत होईतो वाळवला. निघायच्या सकाळी गठ्ठा बांधला. आता काथ्या वळायला घेताना हाताला टोचू नये म्हणून बायका त्यावर पाणी शिंपडतात. तिच्या हाताने सवयीने तेच केलं. तिच्या ध्यानातही आलं नाही.

मग मी लाटायच्या रुळांतून निघाले, रबर घट्ट व्हावं म्हणून गंधक खाल्लं, तापल्या साच्यात दाबली गेले. पोटातल्या पाण्याची वाफ झाली, तिला वाट मिळेना. साचा उघडला तेव्हा माझ्या एका टोकाला करवंटीएवढा फुगा.

इट्टीने तो बोटाने दाबून पाहिला. कार्त्यायनीला तो चेच्ची, म्हणजे ताई, म्हणायचा. "चेच्ची, काथ्या वाळवून आणलात की न्हाऊ घालून?"

"वाळवलाच होता." ती आपल्या हाताकडे बघत राहिली. "शिंपडलं वाटतं."

"वाटतं?"

"हाताने शिंपडलं. मला विचारून थोडंच करतो तो."

इट्टी म्हणाला, थांबा, दुसरी करून देतो. पण अम्मिणीची कास भरली होती, आज-उद्या विणार होती. कार्त्यायनीने मला गुंडाळून डोक्यावर घेतलं.

तिने फुगा गव्हाणीकडे ठेवला, मागचे पाय चांगल्या टोकावर यावेत म्हणून. मी मात्र सारखी चुळबुळत होते. गाय हलली की वाटे, आता ही पाय टाकील, सालटं निघेल आणि मीच तिला पाडीन.

वेणा सुरू झाल्या तेव्हा कार्त्यायनीने दावं सोडलं. अम्मिणी गरगर फिरली आणि उलट्या तोंडाने बसली. वासरू सुखरूप बाहेर आलं. आता तिला उठायचं होतं, आणि मागचे खूर नेमके फुग्यावर.

कार्त्यायनीने तिच्या मागच्या अंगाला खांदा लावला. "ऊठ गं बाई. पडलीस तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

खूर रुतला. फुगा फाटला, रबराचं सालटं सरकलं, खूरही सरकला. मी मनात म्हटलं, संपलं. पण सालट्याखालचा काथ्या मोकळा झाला होता, झाडूसारखा ताठ. खूर त्यात अडकला आणि टिकला. अम्मिणी उभी राहिली आणि वळून वासराला चाटू लागली.

चीक खायला इट्टी आला तो काखेत नवी, गुळगुळीत चटई घेऊनच. कार्त्यायनीने त्याला माझं फाटलेलं टोक दाखवलं. त्याने टाच घासून पाहिली, घसरेना.

"ही तुझी परत ने," ती म्हणाली. "मला अशीच फुटकी करून दे."

"फुटकी मुद्दाम कशी करू, चेच्ची?"

"तू साचा तापव. पाणी मी शिंपडते."

इट्टी हसत हसत गेला, आणि अजून दुसरी काही आलेली नाही. इकडे त्या भोकातून काथ्या रोज पाणी पितोय. आतून मऊ पडत चाललाय, मला कळतं. म्हणून सांगते, गोठा धुतलात की मला तशीच लोळत ठेवू नका, उन्हात फणसाला टेकवून उभी करा. वासरू माझ्यावर उड्या मारायला शिकतंय, दर उडीला पाय फाकतात त्याचे. ते पाय घट्ट होईतो तरी मला कुजू देऊ नका.